नानीचा चेहरा, कागदावरची फुलं

सुट्टीत एक विद्यार्थिनी मोबाईल घेऊन घरी आली. तिने स्वतः रंगवलेले गुलाब मरहूम नानीच्या फोटोवर चढवले होते. "टीचर, फुलं छान आली, पण नानीच गायब झाली!" बोलता बोलता ती रडवेली झाली. घरात नानीचा तेवढा एकच फोटो.

चेहरा आणि फुलं एकत्र पाहण्याची हौस जुनीच आहे. जहांगीर बादशाह १६२० साली काश्मीरला गेले. तिथे उस्ताद मन्सूर यांनी शंभराहून अधिक फुलांची चित्रं काढली, असं त्यांनी आपल्या आठवणींत लिहिलंय. दारा शिकोहने पत्नी नादिरा बानू बेगमला भेट दिलेला मुरक्का, म्हणजे चित्रांचा अल्बम, आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्यात माणसांची चित्रं आहेत, फुलांचीही आहेत. मोबाईलवर आपण ही दोन चित्रं एकमेकांत मिसळू शकतो.

त्यासाठी 'लेयर' असलेलं ॲप हवं. मोबाईलवर आयबिस पेंट, कॉम्प्युटरवर क्रिता किंवा गिम्प. लेयर म्हणजे एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागद समजा.

आधी मूळ फोटो स्कॅन करा आणि त्याची कॉपी घ्या. काम कॉपीवरच करायचं. ८ बाय १० इंचांची चांगली प्रिंट हवी असेल तर चित्र साधारण २४०० बाय ३००० पिक्सेलचं ठेवा. खालच्या लेयरवर फोटो ठेवा, वरच्या लेयरवर पांढऱ्या कागदावर रंगवलेली फुलं. आता वरच्या लेयरचा मोड 'मल्टिप्लाय' करा. कागदाचा पांढरा रंग नाहीसा होईल आणि फक्त फुलं उरतील.

ही जादू नाही, गुणाकार आहे. पांढरा म्हणजे १, काळा म्हणजे ०. कशालाही १ ने गुणलं तर ते तसंच राहतं, म्हणून पांढऱ्याखालचा फोटो जसाच्या तसा दिसतो. ०.५ गुणिले ०.८ म्हणजे ०.४, म्हणून जिथे फूल आहे तिथे फोटो गडद होतो. नानी गायब झाली ती इथेच. गडद गुलाब नेमके डोळ्यांवर आले होते.

यावर उपाय 'मास्क'. फुलांच्या लेयरला मास्क जोडा आणि डोळे, नाक, ओठ यांवर काळा ब्रश मऊ हाताने फिरवा. काळं केलं तिथलं फूल झाकलं जातं, पुसलं जात नाही. चुकलं तर पांढरा ब्रश फिरवला की फूल परत येतं. फुलं केसांत, ओढणीवर, खांद्यावर राहू द्या.

काही घरांत चेहऱ्याची तसबीर लावत नाहीत. तिथे बाजूने दिसणारी नुसती आकृती घ्या आणि ती आतून फुलांनी भरा. ओळखणाऱ्याला तेवढी पुरते.

दोन गोष्टींची मात्र काळजी घ्या. घरातल्या बायकांचे फोटो घेण्याआधी त्यांची इजाजत घ्या, आणि फोटो इंटरनेटवर चढवायला लावणारी ॲप्स टाळा. फुलं स्वतः रंगवलेली असावीत. दुसऱ्याचं चित्र घ्यायचं तर त्यालाही विचारा.

त्या मुलीने दुसऱ्या दिवशी पुन्हा करून आणलं. गुलाब ओढणीवर उतरले होते आणि नानीचे डोळे सरळ आपल्याकडे बघत होते. अम्मीने ते बराच वेळ हातात धरलं होतं म्हणे.