विश्लेषण : होमारे सावाच्या लोकप्रियतेतून जपानच्या महिला फुटबॉलला काय मिळाले?

चिखली : जगभरातले फुटबॉल सामने आता मोबाइलवर गावोगावी दिसतात. पण एखादी महिला फुटबॉलपटू देशाची लाडकी झाली, म्हणजे मुलींचा खेळ उभा राहतो का? जपानचे उदाहरण यासाठी पाहण्यासारखे आहे.

होमारे सावा कोण?

सावाचा जन्म १९७८ चा, टोक्योचा. १५ व्या वर्षी, १९९३ मध्ये ती राष्ट्रीय संघात आली आणि पहिल्याच सामन्यात तिने चार गोल केले. मधल्या फळीत खेळणारी सावा १९९५ ते २०१५ दरम्यान सहा विश्वचषक खेळली. देशासाठी २०५ सामने, ८३ गोल ही तिची कामगिरी.

लोकप्रियतेची लाट कधी आली?

मार्च २०११ मध्ये भूकंप आणि सुनामीने जपान हादरला. चारच महिन्यांनी जर्मनीत विश्वचषकाचा अंतिम सामना होता. समोर अमेरिका, जिला जपानने तोवर एकदाही हरवले नव्हते. जादा वेळेत जपान १-२ ने मागे असताना ११७ व्या मिनिटाला कॉर्नरवरून सावाने बरोबरी साधली. पेनल्टीवर जपान जिंकला. स्पर्धेतील सर्वाधिक पाच गोल आणि सर्वोत्तम खेळाडूचा मान, दोन्ही सावाकडे गेले. दुःखात असलेल्या देशाला आनंदाचे निमित्त मिळाले.

मग खेळाडूंचे दिवस पालटले?

लगेच नाही. तेव्हा अनेक खेळाडू दिवसा नोकरी आणि संध्याकाळी सराव करत. विजयानंतर लीगच्या सामन्यांना गर्दी झाली, पुढे ती ओसरली. २०१६ च्या ऑलिम्पिकसाठी तर संघ पात्रही ठरला नाही. व्यावसायिक महिला लीग सुरू झाली २०२१ मध्ये, म्हणजे विजयानंतर दहा वर्षांनी. त्यात प्रत्येक क्लबला किमान १५ खेळाडूंशी व्यावसायिक करार करणे बंधनकारक झाले.

महाराष्ट्राने काय पाहिले?

जानेवारी २०२२ मध्ये आशियाई चषकासाठी जपानचा संघ पुण्यात, बालेवाडीच्या मैदानावर खेळला. चिखलीहून एका रात्रीच्या प्रवासावर! त्याच स्पर्धेत यजमान भारताला मात्र करोनामुळे नवी मुंबईतून माघार घ्यावी लागली. पुढे जुलै २०२५ मध्ये भारतीय मुलींनी थायलंडला त्यांच्याच देशात २-१ ने हरवून २०२६ च्या आशियाई चषकाची पात्रता मिळवली.

आपल्याकडे काय हवे?

सुब्रतो चषकात १७ वर्षांखालील मुलींचा गट आहे. जिल्हा, विभाग, राज्य असा त्याचा रस्ता. पण संघ उतरवायला शाळेत अकरा मुली, एक प्रशिक्षक आणि रोजचे मैदान लागते. सावामुळे लोक सामना पाहायला आले. खेळाडूंना पगार मिळाला तो करारामुळे. तालुक्याच्या मुलींसाठीही टाळ्यांइतकेच वर्षभराचे वेळापत्रक महत्त्वाचे आहे.