किती झाली आणि किती आहेत?

एस.टी.च्या बाकावर, बाजारात, कधी कधी शाळेच्या स्टाफरूममध्येही कोणीतरी सहज बोलून जातो की मुसलमानांची लोकसंख्या फार वाढते आहे. पेण असो की रोहा, वाक्य तेच. आपली माणसं ऐकून गप्प बसतात, नाहीतर चिडतात. आकडा मात्र बोलणाऱ्यालाही ठाऊक नसतो आणि ऐकणाऱ्यालाही. तो आकडा कसा काढतात आणि गेल्या तीस वर्षांत तो कुठून कुठे आला, हे आपल्या घरांत माहीत असावं म्हणून हा लेख.

पुष्कळांना वाटतं की यात कठीण ते काय? वर्गात उभं राहून मुलांना विचारा, "तुम्ही भावंडं किती?" आणि सरासरी काढा. आम्ही शिक्षक आहोत, म्हणून ही सूचना आमच्याकडे हमखास येते. पण हा हिशेब फसवा आहे. समजा एका मोहल्ल्यात पाच बायका आहेत. एकीला मूल नाही, एकीला एक, दोघींना दोन-दोन आणि एकीला पाच. एकूण मुलं १०, बायका ५, म्हणजे दर बाईमागे २. आता याच दहा मुलांना विचारा. एक मूल सांगेल एक, चार मुलं सांगतील दोन, आणि पाच मुलं सांगतील पाच. बेरीज ३४, सरासरी ३.४! मोठ्या घराची गोष्ट पाच तोंडांनी सांगितली गेली. जिला मूल नाही तिच्या घरून वर्गात कोणी आलंच नाही, म्हणून ती हिशेबातूनच गळाली. मोठं कुटुंब रस्त्यावरही असंच जास्त दिसतं.

दुसरा मार्ग नगरपरिषदेच्या जन्मनोंदीचा. पण जन्म जिथे होतो तिथे त्याची नोंद होते. रोह्याची सून पहिल्या बाळंतपणाला माहेरी म्हसळ्याला गेली तर नोंद तिकडे. पेणच्या बाईला अडचण आली आणि पनवेलला किंवा अलिबागला न्यावं लागलं, तर नोंद तिथली. उलट आसपासच्या गावांतल्या बायका बाळंतपणासाठी पेणला येतात. मग पेणच्या वहीतले जन्म पेणच्या लोकसंख्येने भागून काय हाती लागणार? शिवाय एवढ्याशा गावात एका वर्षी दहा-वीस जन्म इकडचे तिकडे झाले तरी दर उडी मारतो. नोंद जरूर करावी, दाखल्यावाचून मुलाचं पुढे अडतं. पण एका गावाच्या एका वर्षाच्या वहीवरून समाजाबद्दल बोलू नये.

जाणकार जो आकडा वापरतात त्याला एकूण प्रजनन दर म्हणतात. १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांचे पाच-पाच वर्षांचे सात गट करतात. प्रत्येक गटात वर्षाला दर बाईमागे किती जन्म झाले ते काढून त्याला पाचाने गुणतात, आणि सातही गटांची बेरीज करतात. आजचे दर असेच राहिले तर एका बाईला आयुष्यात सरासरी किती मुलं होतील, ते यातून कळतं. हा दर २.१ च्या आसपास असला तर एक पिढी जेमतेम आपली जागा भरून काढते.

हे मोजणारं मोठं काम राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचं, आणि ते चालवणारी संस्था आपल्यापासून लांब नाही. १९५६ मध्ये स्थापन झालेली, मुंबईत देवनारला असलेली लोकसंख्या विज्ञान संस्था ती. सर्वेक्षण करणाऱ्या बाया घरी येऊन प्रत्येक मुलाचा जन्म कोणत्या महिन्यात, कोणत्या वर्षी, असं एकामागून एक विचारतात.

१९९२-९३ च्या पहिल्या सर्वेक्षणात देशातल्या मुस्लिम स्त्रियांचा दर ४.४ होता, हिंदू स्त्रियांचा ३.३. २०१९-२१ च्या पाचव्या सर्वेक्षणात मुस्लिम २.३६, हिंदू १.९४. म्हणजे आपला दर आजही जास्त आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. पण दोघांतलं अंतर १.१ वरून ०.४ वर आलं, आणि सगळ्यात जास्त उतार आपल्याकडेच झाला. महाराष्ट्राचा सगळ्या धर्मांचा मिळून दर याच काळात २.८६ वरून १.७ वर आला.

धर्मच सगळं ठरवत असता तर मुस्लिमबहुल जम्मू-काश्मीरचा दर १.४ आणि बिहारचा ३ कसा? त्याच सर्वेक्षणात शाळेत कधीच न गेलेल्या स्त्रियांचा दर २.८ आहे आणि बारावी किंवा पुढे शिकलेल्यांचा १.८. आमच्या मते खरं कारण इथे आहे, आणि आपल्या मुली कोणत्या इयत्तेत शाळा सोडतात याची चर्चा त्यामुळे जास्त व्हायला हवी.

दर उतरला म्हणून लोकसंख्या वाढायची लगेच थांबत नाही, हेही समजून घ्यावं. ज्या समाजात तरुण जास्त, तिथे आई होणाऱ्याही जास्त. २००१ ते २०११ या दहा वर्षांत मुस्लिम लोकसंख्या २४.६ टक्के वाढली. त्याआधीच्या दशकात ती २९.५ टक्के वाढली होती. २०२१ ची जनगणना करोनामुळे झाली नाही, म्हणून आज जो कोणी छातीठोकपणे ताजी टक्केवारी सांगतो त्याला ती कुठून आणली ते विचारावं.

मोजणीचं आपल्याला वावडं असायचं कारणही नाही. मदिनेत खुद्द पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांनी इस्लाम स्वीकारलेल्यांची नावं लिहून आणायला सांगितली होती. हजरत हुजैफा यांच्या रिवायतीत तो आकडा दीड हजार आहे.

आता सर्वांत नाजूक गोष्ट. मोजणीत एका बाईला दोन वेगळे प्रश्न असतात. मुलं किती आहेत, आणि किती झाली. आपल्या दादी-नानीला "मुलं किती?" विचारलं तर ती हयात असलेलीच सांगते. दोन दिवसांचं होऊन गेलेलं, छठीपर्यंतही न राहिलेलं बाळ ती बोटांवर धरत नाही. का धरत नाही, ते तिलाच माहीत. १९७१ मध्ये देशात हजार बाळांमागे १२९ बाळं वर्षाच्या आत जात होती. २०२० मध्ये २८. म्हणजे जुन्या पिढीत पुष्कळ घरांत अशी एखादी न सांगितलेली कबर आहे. ती बाळं हिशेबातून गळली की जुना दर होता त्यापेक्षा कमी दिसतो, आणि मग आजचा उतारही खरा दिसत नाही.

२०११ च्या जनगणनेत विवाहित स्त्रियांना हे दोन्ही प्रश्न होते, आणि गेल्या वर्षभरात मूल झालं का, हाही. उत्तर बहुतेक घरांत दारावर उभा असलेला पुरुष देतो. २०२७ च्या जनगणनेची अधिसूचना निघाली आहे. प्रगणक आला, किंवा आली, की घरातल्या बाईला पुढे बोलवावं. मुलांच्या जन्मतारखा आधीच एका कागदावर लिहून ठेवाव्यात. घरात म्हातारी असेल तर तिच्याशी आदल्या दिवशी सुनेने किंवा लेकीने एकटीने बसून बोलावं. चार पाहुण्यांसमोर ती सांगणार नाही.