प्रवाळातील अनोळखी पाहुणे



डेव्हिड रहाबी यांनी कोकणातील आपल्या पूर्वजांची परीक्षा माशांवरून घेतली, ही परंपरेने चालत आलेली कथा आपण सर्वांनी बालपणी ऐकली आहे. समोर ठेवलेल्या माशांतून पंख व खवले असलेले मासे स्त्रियांनी अचूक वेगळे काढले. मासा नीट पाहून ओळखण्याची हीच सवय मला फ्लोरिडाच्या समुद्रात, पाठीवर हवेची टाकी बांधून उतरल्यावर, अनपेक्षितपणे उपयोगी पडली.

की लार्गोजवळ 1963 साली अमेरिकेतील पहिले समुद्राखालील उद्यान झाले. तेथील प्रवाळावर रंगीत मासे इतके असतात की नवख्याला प्रत्येकच विलक्षण वाटतो. म्हणून नित्याचे कोण हे आधी शिकावे लागते. 1990 साली स्थापन झालेली तेथील ‘रीफ’ ही संस्था हौशी पाणबुड्यांकडून नोंदी घेते. माशांची जात लिहायची आणि एक, दोन ते दहा, अकरा ते शंभर, की शंभरांहून अधिक, एवढेच सांगायचे. शास्त्रज्ञ नसलेल्या माणसालाही हे जमते.

1985 साली डेनिया बीचजवळ लायनफिश सापडला. हा मूळचा हिंदी व प्रशांत महासागराकडचा. म्हणजे एका अर्थी आपल्याच बाजूचा! त्याचे अठरा काटे विषारी असून येथे त्याला खाणारे फारसे कोणी नाही. स्थानिक माशांची पिल्ले तो फस्त करतो, म्हणून फ्लोरिडात तो पकडण्यास संख्येची मर्यादा नाही. तरी पाणबुड्याने त्याला हात लावू नये.

माझ्या दृष्टीने खरा दुर्मीळ पाहुणा मात्र करवत मासा. प्रवाळाच्या कडेला वाळूवर तो मला निश्चल पडलेला दिसला, तेव्हा प्रथम मुशीच वाटली. पण कल्ल्यांच्या फटी पोटाकडे असल्याने तो पाखटाच्या कुळातला ठरतो. खरे खवले नसल्याने आपल्या स्वयंपाकघरात त्याला स्थान नव्हतेच. त्याची पिल्ले जिवंत जन्मतात, आणि आईला इजा होऊ नये म्हणून जन्मतेवेळी करवतीवर मऊ आवरण असते. लहानपण खारफुटीच्या उथळ पाण्यात जाते. मोठे मासे प्रवाळाकडे येतात. हीच करवत त्याच्या नाशाला कारण झाली, कारण जाळ्यात ती एकदा गुंतली की सुटत नाही. एके काळी टेक्सासपासून नॉर्थ कॅरोलिनापर्यंत आढळणारा हा मासा आता मुख्यतः दक्षिण फ्लोरिडात उरला आहे. 2003 साली अमेरिकेच्या संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत आलेला हा पहिला सागरी मासा. भारतातही 2001 पासून त्याला कायद्याचे संरक्षण आहे.

2023 च्या अखेरीस ‘लोअर कीज’ भागातील पाणबुडे आणि मासेमारी करणारे लोक सांगू लागले की मासे पाण्यात गोलगोल फिरत आहेत. पुढे 2024 मध्ये करवत मासे मरू लागले. पन्नासहून अधिक मृत्यूंची नोंद झाली. एप्रिलमध्ये कजो कीजवळून सुमारे 11 फूट लांबीचा एक मासा उपचारांसाठी नेण्यात आला, परंतु तो वाचला नाही. तळाशी वाढणाऱ्या सूक्ष्म शैवालांच्या विषाकडे संशोधकांचे बोट आहे. ज्या जातीचे इतके थोडे जीव उरले, तिच्यातील पन्नास मोठे मासे जाणे ही लहान हानी नव्हे. आणि ती कळू लागली सामान्य माणसांनी पाहिले व कळवले म्हणून.

तेव्हा आपल्यापैकी कोणी, विशेषतः तरुण मुलांनी, असा मासा पाहिला तर जवळ जाऊ नये. त्याला त्रास देणे गुन्हा आहे. दुरून छायाचित्र घ्यावे. करवतीसह अंदाजे लांबी, पाण्याची खोली, जागा, वेळ आणि तो सरळ पोहतो की फिरतो, हे वर येताच लिहून ठेवावे. मग राज्याच्या मत्स्य व वन्यजीव आयोगाला कळवावे. छायाचित्र अस्पष्ट असले तरी पाठवावे. करवत दिसली तरी ओळख पटते.