गरम केलं की घट्ट!

तूप गरम केलं की पातळ होतं. बर्फाचं पाणी होतं. मेण वितळतं, गूळ वितळतो, आणि उन्हात खिशात विसरलेलं चॉकलेट काय करतं ते तुमच्या आईला विचारा. मग अंड्याचंच डोकं असं उलटं का? वाटीत फोडलं तेव्हा डुचमळत होतं आणि गरम केलं तर घट्ट! बरं, गार केल्यावर तरी पुन्हा पातळ व्हावं? छे. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, ढिम्म हलत नाही.

हा उलटा कारभार नीट बघायचा तर आमलेट कामाचं नाही. तापलेल्या तव्यावर सगळं इतक्या घाईत उरकतं की बघायला काही उरतच नाही. त्यापेक्षा पारशी लोकांचा ‘टामेटा पर ईडू’ करू या. मुंबईतल्या पारशी घरांत अंडं कशावरही फोडतात: भेंडीच्या भाजीवर, बटाट्याच्या सळीवर, टोमॅटोवर. खाली भाजी, वर अंडं, त्यावर झाकण. रविवारी उशिरा उठल्यावर नाश्त्याची वेळ टळलेली असते आणि जेवणाला अवकाश असतो. त्या अकराच्या भुकेला हा पदार्थ नेमका लागू पडतो. आणि तो मंद आचेवर, सावकाश होतो. काचेचं झाकण असेल तर घरातल्या घरात प्रयोगशाळा! गॅसपाशी मोठं माणूस मात्र हवंच.

चौघांसाठी ४ अंडी, २ कांदे, ४ लालभडक टोमॅटो, एखादी हिरवी मिरची, थोडं आलं-लसूण, हळद, तिखट, मीठ, चिमूटभर साखर आणि मूठभर कोथिंबीर घ्या. तेलावर कांदा गुलाबी परता, आलं-लसूण-मिरची घाला, मग टोमॅटो आणि मसाला. टोमॅटो शिजून त्यांचा मऊ गरगट व्हायला हवा, पण पाणी पार आटवू नका. त्या पाण्याचं काम पुढे आहे.

टोमॅटो शिजतोय तोवर एक अंडं वाटीत फोडून बघा. पिवळ्या बलकाला दोन बाजूंनी पांढरे पीळदार दोर चिकटलेले दिसतील. काही जण ते घाण समजून चमच्याने काढून टाकतात. त्यांचं नाव ‘कलेझा’. अंडं कसंही गडगडलं तरी बलक मधोमध राहावा, कवचावर आपटू नये, म्हणून कोंबडीने केलेली ही सोय आहे. खुशाल खा.

आता पांढऱ्या भागाकडे बघा. तो किंचित धुरकट दिसला तर अंडं ताजं. त्यात कार्बन डायऑक्साइड वायू विरघळलेला असतो. अंड्याच्या कवचाला हजारो बारीक छिद्रं असतात. दिवस जातील तसा हा वायू त्यांतून निसटतो आणि पांढरा भाग नितळ आणि पातळ होतो. म्हणून शिळं अंडं फोडलं की पसरतं, ताजं अंडं मात्र अंग चोरून एका जागी बसतं. आपल्याला ते एका जागीच बसायला हवंय.

गरगट पसरट कढईत सारखं करा, चमच्याच्या पाठीने चार खळगे करा आणि प्रत्येकात एकेक अंडं अलगद सोडा. आच मंद. आणि आता डोळे उघडे ठेवा, कारण काही क्षणांतच पांढरा भाग टोमॅटोला टेकतो तिथून दुधाळ व्हायला लागतो.

आत काय चाललंय? पांढऱ्या भागात सुमारे ९० टक्के पाणी असतं. उरलेल्यात बहुतेक प्रथिनं. प्रथिनाचा एक रेणू म्हणजे एक लांबच लांब साखळी, पण ती स्वतःभोवती घट्ट गुंडाळलेली. पतंगाच्या मांजाच्या गुंड्या असतात ना, तशी. कच्च्या अंड्यात अशा असंख्य गुंड्या पाण्यात सुट्या फिरत असतात. त्या इतक्या लहान असतात की प्रकाश अडत नाही, म्हणून पांढरा म्हणायचा तो भाग खरं तर पारदर्शक दिसतो. उष्णता लागली की गुंड्या थरथरतात, उलगडतात, आणि उलगडलेले धागे एकमेकांत अडकतात. संक्रांतीच्या संध्याकाळी गच्चीवर होतो तसला गुंता! पाणी कुठेही जात नाही, त्या गुंत्यात कोंडलं जातं. गुंता मोठा झाला की प्रकाश त्यावर आपटून चहूकडे विखुरतो, आणि आपल्याला दिसतो पांढराशुभ्र रंग. गार केल्यावर मांजा आपोआप गुंडाळला जातो का कधी? अंड्याचंही तेच.

टोमॅटोही या गुंत्याला हातभार लावतो. त्यातल्या आंबटपणामुळे प्रथिनांचं एकमेकांना दूर ढकलणं कमी होतं आणि ती लवकर चिकटतात. दुसरं काम त्या न आटवलेल्या पाण्याचं. नुसता तवा कितीही तापतो, म्हणून आमलेटची कड कुरकुरीत तपकिरी होते. पण टोमॅटोत पाणी आहे तोवर तो १०० अंश सेल्सिअसच्या फारसा वर जात नाही. अंडं करपत नाही.

आता झाकण ठेवा. ते नसेल तर खालून अंडं रबरासारखं चिवट होईल आणि वरून कच्चं राहील. झाकणाखाली वाफ कोंडते. ती गार अंड्यावर टेकली की तिचं पाणी होतं, आणि होता होता १ ग्रॅम वाफ सुमारे ५४० कॅलरी उष्णता अंड्याला देऊन जाते. बलकावर पांढुरका पडदा धरतो तो या वाफेमुळेच. बलकावर पांढऱ्या भागाचा पातळ थर असतो, तो शिजतो.

पण बलक स्वतः शेवटी घट्ट होतो. त्याला जास्त उष्णता लागत असणार, असं वाटलं ना? गंमत इथेच आहे. बलक ६५ अंशांच्या आसपास दाट होऊ लागतो आणि ७० च्या पुढे घट्ट बसतो. पांढरा भाग ६२ च्या आसपास सुरुवात करतो खरा, पण त्यातलं निम्म्याहून जास्त प्रथिन ओव्हाल्ब्युमिन नावाचं, आणि ते ८० च्या पुढे गेल्याशिवाय बधत नाही. म्हणजे पुरता घट्ट व्हायला जास्त उष्णता पांढऱ्यालाच लागते! कढईत बलक मागे पडतो, कारण तो वर, टोमॅटोपासून लांब बसलेला असतो आणि उष्णता त्याच्यापर्यंत उशिरा पोचते.

जपानी लोकांनी याचा मस्त फायदा उठवलाय. गरम पाण्याच्या झऱ्यात, ६५ ते ७० अंशांच्या पाण्यात, अख्खं अंडं बराच वेळ ठेवतात. फोडल्यावर बलक दाटसर आणि पांढरा भाग अजून लिबलिबीत! त्याला ‘ओन्सेन तामागो’ म्हणतात.

आणि शिजलेलं अंडं पुन्हा कच्चं? घरी नाहीच. पण अमेरिकेतल्या आणि ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी २०१५ साली उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्या भागात युरिया मिसळला, मग ते मिश्रण एका यंत्रात गरगर फिरवलं, आणि त्यातलं एक प्रथिन पुन्हा नीट गुंडाळलं गेलं. त्याच वर्षी त्यांना ‘इग नोबेल’ मिळालं. आधी हसवणाऱ्या आणि मग विचारात पाडणाऱ्या संशोधनाला हे पारितोषिक देतात. औषधांसाठी लागणारी प्रथिनं बनवताना ही युक्ती उपयोगी पडू शकते, तेव्हा फार हसू नका.

एव्हाना पाच-सात मिनिटं झाली असतील. काही मोठ्या माणसांना बलक ओघळता आवडतो. तुम्ही मात्र तो घट्ट होईपर्यंत थांबा, कारण कच्च्या अंड्यात कधी कधी साल्मोनेला नावाचे पोट बिघडवणारे जंतू असतात आणि ते नीट शिजवल्यावरच मरतात. कच्च्या अंड्याला हात लावल्यावर साबणाने हात धुवायचे तेही यासाठीच. वर कोथिंबीर भुरभुरा, पाव घ्या आणि सुरू करा.

एक काम तुमच्यासाठी. पुढच्या वेळी एक अंडं कढईच्या मधोमध फोडा आणि तीन कडेला. कोणतं आधी पांढरं झालं आणि गॅसची ज्योत नेमकी कुठे लागत होती, ते कागदावर चित्र काढून आम्हाला पाठवा.