अंध मुलांसाठी गोल्फ स्पर्धा : कंपन्या पैसा का देतात, आणि मुलापर्यंत किती पोहोचतो?

नागपूर : गोल्फ आणि खेडं यांचा तसा काही संबंध नाही. १८ होलचं मैदान म्हटलं की शंभर-सव्वाशे एकर हिरवळ आली. एवढ्या जागेत गावाचं अख्खं गायरान बसते. पण मोठ्या शहरांत अंध मुलांच्या मदतीसाठी गोल्फच्या स्पर्धा भरवल्या जातात आणि त्याला कंपन्या प्रायोजक म्हणून लाखो रुपये देतात. हा पैसा नेमका कसा उभा राहतो, हे गावातल्या माणसानेही समजून घेतलं पाहिजे. कारण ज्या मुलांच्या नावाने तो गोळा होतो, त्यातली कितीतरी मुलं काटोल, उमरेड, भिवापूर, कुही, रामटेक अशा तालुक्यांतल्या गावांचीच असतात.

हिशोब असा बसतो

एक उदाहरण घेऊ. आकडे फक्त समजण्यासाठी आहेत. स्पर्धेत ७२ खेळाडू आले. प्रत्येकाने ५ हजार प्रवेश फी दिली, म्हणजे ३ लाख ६० हजार झाले. मैदानाचं भाडं, नाश्ता, जेवण यावर माणशी ३ हजार खर्च धरला तर २ लाख १६ हजार गेले. बक्षिसं, मंडप, छपाई यात आणखी ६० हजार. उरले किती? फक्त ८४ हजार. एवढ्या धावपळीचं फळ एवढंच.

आता प्रायोजक जोडा. स्पर्धेला आपलं नाव देणाऱ्या मुख्य कंपनीकडून ३ लाख. मैदानावर १८ होल असतात, प्रत्येक होलजवळ एकेका दुकानदाराची किंवा कारखान्याची पाटी लावायचे १५ हजार, म्हणजे २ लाख ७० हजार. शिल्लक थेट ६ लाख ५४ हजारांवर जाते. म्हणजे खेळाडूंच्या फीमधून जेमतेम खर्च निघतो, मुलांसाठीचा खरा पैसा प्रायोजकाकडूनच येतो. गावच्या कबड्डी सामन्यांचं गणितही याहून वेगळं नाही. पहिलं बक्षीस अमुक यांच्याकडून, दुसरं तमुक यांच्याकडून, असंच ते चालते.

कंपनीचे तीन खिसे

मागायला जाणारे बहुतेक जण इथेच चुकतात. कंपनीकडे पैशाचे तीन वेगळे खिसे असतात.

पहिला खिसा जाहिरातीचा. पाटी लागली, नाव झालं, त्याचे पैसे दिले. हा धंद्याचा खर्च. त्यावर जीएसटीचाही प्रश्न येतो, म्हणून बिल कसं द्यायचं ते आधी सीएला विचारावं.

दुसरा खिसा देणगीचा. संस्थेकडे ८०जीची मान्यता असेल तर जुन्या कर पद्धतीत देणगीदाराला करात सवलत मिळते. पण २ हजारांपेक्षा जास्त रक्कम रोख दिली तर ही सवलत नाही. म्हणून चेक किंवा ऑनलाइनच बरं. नुसत्या पावतीवर भागत नाही, संस्थेने आयकर खात्याला देणगीची माहिती भरून दात्याला प्रमाणपत्र द्यावं लागते.

तिसरा खिसा सीएसआरचा. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ५०० कोटींची नक्त मालमत्ता, १ हजार कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा, यापैकी एकही गोष्ट असलेल्या कंपनीला मागच्या ३ वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकामावर खर्च करावे लागतात. दिव्यांगांचं शिक्षण त्यात बसते. पण मेख अशी, की स्वतःच्या मालाची जाहिरात व्हावी म्हणून दिलेलं प्रायोजकत्व सीएसआरमध्ये धरत नाहीत. मॅरेथॉनसारख्या एका दिवसाच्या कार्यक्रमाचा खर्चही चालत नाही, हे सरकारने २०१४ मध्येच परिपत्रक काढून सांगितलं आहे.

म्हणून “स्पर्धेला सीएसआर द्या” असं पत्र घेऊन गेलं की ते परत येते. तिथे मागायचं ते वर्षभराच्या कामासाठी : ब्रेल पुस्तकं, शिक्षकाचा पगार, वसतिगृहाचा खर्च. स्पर्धेची पाटी मात्र जाहिरात विभागाकडे मागायची. एकाच कंपनीत दोन दारं आहेत, आपलं दार ओळखून कडी वाजवावी.

नागपुरात कोणाकडे जायचं?

कायद्यात आपल्या कामाच्या परिसराला आधी प्राधान्य द्या, असं म्हटलं आहे. वेस्टर्न कोलफिल्ड्स आणि मॉईल या दोन सरकारी कंपन्यांची मुख्यालयं नागपुरातच आहेत. उमरेड, सावनेर पट्ट्यात कोळशाच्या खाणी आहेत. बुटीबोरी, हिंगणा आणि मिहानमध्ये खासगी कारखाने आहेत. ज्या गावाच्या शिवारात खाण किंवा कारखाना आहे, त्या गावाने मागणं म्हणजे भीक नव्हे.

मात्र सीएसआरचा पैसा घ्यायला संस्था नोंदणीकृत हवी, आयकराची १२ए व ८०जी मान्यता हवी आणि कंपनी खात्याकडे सीएसआर-१ हा फॉर्म भरून नंबर घेतलेला हवा. गावातल्या चार पोरांनी मंडळ करून लगेच सीएसआर मागितला तर मिळणार नाही. त्यांनी नोंदणी असलेल्या अंध शाळेला सोबत घ्यावं. नोंदणी नसताना लोकांकडून धर्मादाय कामासाठी पैसा गोळा करायचा असेल तर धर्मादाय आयुक्त कार्यालयाकडे कलम ४१ क प्रमाणे जावं लागते. गणेश मंडळवाल्यांना हे माहीत आहे.

पत्रात काय लिहायचं?

“अंध मुलांना मदत करा” एवढ्याने साहेबांचं समाधान होत नाही. किती मुलं, कोणत्या गावची, कशासाठी किती रुपये, ते लिहा. लिहायला ब्रेल पाटी, गणितासाठी टेलर फ्रेम, चालायला पांढरी काठी, ऐकून शिकायला मोबाईल, अशी वस्तूवार यादी जोडा. कंपनीचं नाव कुठे लागेल ते सांगा. स्पर्धा झाल्यावर महिनाभरात जमाखर्च देऊ, असं लिहा आणि तो खरंच द्या. पुढच्या वर्षीचा प्रायोजक त्याच कागदावर ठरतो. मुलांना मात्र मंचावर उभं करून त्यांच्या डोळ्यांचे फोटो छापू नका. पैसा मागताना मुलाची लाज जाऊ नये.

गोल्फच पाहिजे असंही नाही. अंध क्रिकेटला मोठं मैदान विकत घ्यावं लागत नाही. आत छर्रे असलेला, खुळखुळणारा प्लास्टिकचा चेंडू खालून सरपटत टाकतात. गोलंदाज आधी “रेडी?” विचारतो, फलंदाजाने “येस” म्हटल्यावर “प्ले” ओरडून चेंडू सोडतो. पूर्ण अंध खेळाडूची धाव दुप्पट मोजतात. इथे मुलं प्रेक्षक राहत नाहीत, स्वतः खेळतात. तालुक्याच्या ठिकाणी असा सामना भरवला तर कृषी केंद्र, जिनिंग, पतसंस्था हेच प्रायोजक होऊ शकतात.

आई-बापांसाठी

स्पर्धेच्या मदतीची वाट पाहत मूल घरी बसवू नये. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत. नागपुरात दक्षिण अंबाझरी मार्गावर अंध विद्यालय आहे. आधी यूडीआयडी कार्ड काढून घ्या. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचे ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात, ते कुठे गेले हे ग्रामसभेत विचारा.

प्रायोजक एका दिवसासाठी येतो, पाटी लावतो आणि जातो. ग्रामपंचायतीचे ५ टक्के दरवर्षी येतात. दोन्हीकडचा हिशोब मागायला कोणत्याही आई-बापाने लाजू नये.