मॉरिशसचे निशाण

पंधरा ऑगस्टला आपल्या ग्रामपंचायतीवर तिरंगा चढतो. त्याचे रंग तुम्हांला ठाऊक आहेत. परवा वर्गात आम्ही दुसराच एक झेंडा कागदावर रंगवून दाखवला. एका बाईंनी विचारले, "गुरुजी, हा चार पट्ट्यांचा झेंडा कोनाचा?"

हा मॉरिशसचा झेंडा. मॉरिशस हे हिंदी महासागरातले बेट. आपल्या बुलढाणा जिल्ह्याचे पाच वाटे केले, तर एका वाट्याएवढा तो देश. पण तिथे मराठी घरे आहेत, दरवर्षी गणपती बसतो. ही माणसे तिथे गेली कशी?

बेटावर गोऱ्यांचे उसाचे मळे होते. गुलामगिरी उठू लागली तेव्हा, म्हणजे १८३४ पासून, इंग्रजांच्या राज्यात हिंदुस्थानातून मजूर नेऊ लागले. कोकणातली माणसे मुंबईहून जहाजात बसली. करार पाच वर्षांचा. लिहिता येत नव्हते त्यांनी कागदावर निशाणी केली. कागदात काय आहे ते वाचणारा दुसराच! पोर्ट लुई बंदरात उतरले, की सोळा दगडी पायऱ्या चढून जायचे. त्या पायऱ्या अजून जपून ठेवल्या आहेत.

आता झेंडा पाहा. चार आडवे पट्टे, सगळे सारख्या रुंदीचे. सर्वांत वर तांबडा. तो स्वातंत्र्याच्या झगड्याचा. त्याखाली निळा, तो समुद्राचा. मग पिवळा, तो स्वातंत्र्याच्या नव्या उजेडाचा. खाली हिरवा, तो शेतीचा. आपल्याकडे वैशाखात रान उघडे पडते, माती नुसती भाजते. तिथे तसे नाही. बाराही महिने हिरवे असते. ज्या उसात मजुरांची हाडे झिजली, त्याच शेतीला झेंड्यात जागा मिळाली. आम्हांला चारांत हा पट्टा जास्त आवडतो.

आपल्या तिरंग्यात मधोमध चक्र आहे. इथे मात्र चक्र नाही, चांदणी नाही, कोणत्याही धर्माची खूण नाही. त्या बेटावर हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, चिनी, आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांचे वंशज असे सारे राहतात. पट्टे सारखे आहेत हे त्यामुळे बरेच झाले.

१२ मार्च १९६८ रोजी मॉरिशस स्वतंत्र झाला. १९३० साली गांधीजी दांडीला निघाले, तीही तारीख १२ मार्चच. भर दुपारी, पोर्ट लुईच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानात इंग्रजांचा झेंडा खाली आला आणि हा चार पट्ट्यांचा वर चढला.