बेल्जियन ब्लूचे स्नायू इंजेक्शनातून आलेले नाहीत

समाजमाध्यमांवर एक फोटो पुन्हा पुन्हा फिरतो. निळसर-पांढरा वळू, मांड्यांवर स्नायूंचे गठ्ठे, कातडी इतकी ताणलेली की स्नायू-स्नायूंमधल्या खाचा मोजून घ्याव्यात. खालचा मजकूरही ठरलेला: परदेशात हार्मोनची इंजेक्शने टोचून गुरे अशी फुगवतात, नाहीतर प्रयोगशाळेत जनुके घुसवून हे जनावर बनवले आहे. वळू खरा आहे आणि तो बेल्जियन ब्लू जातीचा आहे. मजकुरातली दोन्ही विधाने मात्र खोटी आहेत. त्यांचे उत्तर 1997 साली शास्त्रीय नियतकालिकांत छापून आले, तरीही ती तशीच पुढे ढकलली जातात याची चीड येते.

आधी सनावळी पाहू. असे दुप्पट स्नायूंचे गुरू इंग्लंडमधल्या जॉर्ज कली यांनी 1807 साली नोंदवले. मांसाच्या गुरांना संप्रेरक देण्याची परवानगी अमेरिकेत मिळाली 1954 साली. म्हणजे औषधाच्या जवळजवळ दीडशे वर्षे आधी हे शरीर गोठ्यात दिसत होते. कारण सापडले 1997 मध्ये. बेल्जियममधल्या लिएज विद्यापीठाच्या गटाने आणि इतर संशोधकांनी स्वतंत्रपणे दाखवून दिले की, या जातीत मायोस्टॅटिन नावाच्या जनुकातली 11 अक्षरे गळालेली आहेत. डीएनए तीन-तीन अक्षरांच्या गटाने वाचला जातो आणि 11 ला 3 ने भाग जात नाही. त्यामुळे गळतीच्या पुढचे सगळे वाचन सरकते, मध्येच थांबण्याची खूण येते आणि प्रथिनाचा कामाचा भाग तयारच होत नाही. मायोस्टॅटिन हा स्नायूंच्या वाढीवरचा लगाम आहे. तो सुटला की वासरू गाईच्या पोटात असतानाच स्नायूंचे तंतू नेहमीपेक्षा कितीतरी जास्त संख्येने बनतात. गुरू मोठे झाल्यावर संप्रेरकाने असलेले तंतू जाड होऊ शकतात, पण ही तंतूंची संख्या जन्माआधीच ठरलेली असते. यात बाहेरून काहीही घुसवलेले नाही. निसर्गात झालेला बदल पशुपालकांनी हेरला आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वळू निवडून, कृत्रिम रेतनाने तो जातीत पक्का केला.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही: बेल्जियममध्येच बेकायदा हार्मोनचा धंदा चालत नव्हता का? चालत होता. युरोपात वाढीसाठी संप्रेरकांवर बंदी असताना हा व्यापार उघडा पाडणारे पशुवैद्यकीय निरीक्षक कारेल व्हान नोपेन यांचा फेब्रुवारी 1995 मध्ये खून झाला. पण त्या गुन्ह्याने जातीच्या शरीराचे कारण बदलत नाही. बेल्जियन ब्लू वळू साध्या गाईला दिला, तर वासराला बदललेल्या जनुकाची एकच प्रत मिळते आणि स्नायू थोडेच वाढतात. एकच प्रत असलेल्या दोन जनावरांचा संकर केला, तर दोन्ही प्रती बदललेली, पूर्ण दुप्पट स्नायूंची वासरे सरासरीने चारांत एक निघतात. इंजेक्शनाचा परिणाम मेंडेलच्या प्रमाणात पुढच्या पिढीत उतरत नाही. या जातीबद्दल तक्रार करायचीच असेल तर खरी जागा वेगळी आहे: वासरे इतकी भारदस्त आणि गाईचा जननमार्ग इतका अरुंद की बहुसंख्य गाई सिझेरियननेच वितात. वेदनेचा आणि नीतीचा हा प्रश्न बनावट मजकुराच्या गर्दीत हरवतो.

हे पटले की लोक दुसऱ्या टोकाला जातात: म्हणजे वाढीचे एक जनुक असते, ते मिळाले की झाले. मायोस्टॅटिन हा अपवाद आहे, नियम नव्हे. 2018 साली ‘नेचर जेनेटिक्स’मध्ये 58,265 गुरांचा अभ्यास आला. गुरांच्या उंचीशी जोडलेल्या 163 जागा जनुकसंचात सापडल्या आणि त्यांतल्या ठळक बदलांनी मिळूनही उंचीतल्या फरकाचा जास्तीत जास्त 13.8 टक्के उलगडा झाला. उरलेला आनुवंशिक वाटा असंख्य बारीक बदलांत विखुरलेला असतो. वजनाचेही तसेच. कळपातल्या वासरांच्या वजनातल्या फरकाचा साधारण पंचवीस ते चाळीस टक्के भाग जनुकांचा, बाकी चारा, आईचे दूध, हवामान आणि आजार यांचा. म्हणून जनुकचाचणी वळू निवडायला उपयोगी पडते, उपाशी खोंडाचे वजन ती वाढवत नाही.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. जन्मतः जड वासरू चांगले, हे चूक. त्याने गाय अडते, म्हणून जाणते पैदासकार जन्मतः हलके पण पुढे झपाट्याने वाढणारे वाण शोधतात. जनुक-संपादित गुरे अस्तित्वातच नाहीत, हेही चूक. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मार्च 2022 मध्ये उष्णता सोसणाऱ्या आखूड केसांच्या अशा गुरांना कमी जोखमीचे ठरवले, मात्र त्यांचा बेल्जियन ब्लूशी काही संबंध नाही. आणि वशिंडाच्या देशी गुरांत मांसासाठी लागणारी वाढीची जनुके नाहीत, हा समज तर अमेरिकेतल्या ब्रह्मन जातीनेच खोडला आहे. गल्फ किनाऱ्याच्या उकाड्यात आणि गोचिडांत तग धरून वाढणारी ही मांसाची जात गीर, कांकरेज, ओंगोल आणि आपल्या सांगली-कोल्हापूरच्या कृष्णाकाठची कृष्णा व्हॅली अशा भारतीय वाणांतूनच घडली.